नुसता रिपोर्ट नको, सीडी दाखव

चिमे,

काल फोनवर मी जास्तच बोललो. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. तुझी आई म्हणाली, आता दोन दिवस गप्प बसा, शुक्रवारी पोरीचं कानाचं ऑपरेशन आहे, तिला टेन्शन देऊ नका. बसलो गप्प, संध्याकाळपर्यंत. आता साडेअकरा वाजलेत आणि मी फोन घेऊन पडवीत बसलोय आणि तू ग्रुपवर टाकलेला सीटी रिपोर्टचा फोटो बोटांनी मोठा करून परत परत तीच ओळ वाचतोय. खालून तिसरी. उजवीकडे हाय रायडिंग ज्युग्युलर बल्ब, कड गुळगुळीत, वरचं हाड एका जागी दिसत नाही. त्याच्याखाली तू लिहिलंस 'हे नॉर्मल व्हेरिएशन आहे म्हणे' आणि अंगठा टाकलास.

व्हेरिएशनच आहे ते, रोग नाही. हे पहिलं सांगतो. आणि गूगल केलंस तर ग्लोमस नावाची गाठ समोर येईल, ती ही नव्हे. त्या गाठीत हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं दिसतं, बल्बची कड मात्र स्वच्छ असते आणि तुझ्या रिपोर्टात तसंच लिहिलंय. म्हणून त्या ओळीमुळे झोप घालवू नकोस. माझं म्हणणं एवढंच आहे की जो ऑपरेशन करणार त्याने स्वतःच्या डोळ्यांनी स्कॅनची सीडी बघितली का?

बघ, काल हेच सांगायचं होतं आणि सांगता सांगता आवाज चढला.

डोक्यातलं वापरून झालेलं रक्त कानामागनं खाली येतं, एस आकाराचं वळण घेत, त्याला सिग्मॉइड सायनस म्हणतात. मानेच्या शिरेत उतरायच्या आधी त्याचा एक फुगीर भाग असतो, तो हा बल्ब. एरवी तो कानाच्या मधल्या खोलीच्या फरशीखाली असतो आणि वर हाडाचा पातळ पापुद्रा. बऱ्याच जणांत उजवी बाजू मोठी असते, कारण डोक्याच्या मध्यावरनं मागे येणारी मोठी शीर बहुधा उजवीकडेच वळते, म्हणून वर चढलेला बल्बही उजव्यालाच जास्त सापडतो. जन्मलेल्या बाळाला तर तो नसतोच, पोरगं उभं राहून चालायला लागलं, दोनेक वर्षांचं झालं की मग तो तयार होत जातो. तू अकराव्या महिन्यात माईच्या जात्याला धरून उभी राहिली होतीस, आठवण म्हणून सांगतोय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

२०१९ च्या पुरात हरिपूरला आत्याकडे पाणी उंबऱ्याला टेकलं होतं ना, तसं समज. नदी तीच, पाणी तेच, फक्त पातळी वर. आणि तुझ्या बाबतीत उंबऱ्याची एक वीट नाही असं रिपोर्ट म्हणतो. असेलही कदाचित वीट. ०.६ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये त्याहून पातळ हाड असलं तर शेजारच्या मऊ भागात मिसळून जातं आणि नाहीच असं वाटतं. साध्या एचआरसीटीत, म्हणजे बारीक कापांच्या सीटी स्कॅनमध्ये, डाय देत नाहीत, त्यामुळे शिरेतलं रक्त उठून दिसत नाही, भोवतालच्या हाडावरनं ती ओळखायची असते. म्हणूनच बोन विंडो, म्हणजे हाड नीट दिसेल अशी सेटिंग लावून, आडवे उभे दोन्ही काप पुढे मागे सरकवत बघावं लागतं, कागदावरच्या एका ओळीतनं ते कळत नाही.

सत्तावीस वर्षं सीटी मशिनच्या कन्सोलवर बसलो मी. दोन माणसांचे कान सोड, एकाच माणसाचे दोन कान सारखे बघितले नाहीत. कुणाचा सिग्मॉइड एवढा पुढे आलेला की कानाच्या नळीची मागची भिंत आणि शीर यांच्यात ड्रिल घालायला जागाच नाही. कुणाच्या कानामागच्या हाडात भोक आणि त्यातनं एमिसरी व्हेन थेट कातडीखाली निघालेली, कुणाची काडीएवढी तर कुणाची चांगली बोरूएवढी. एकदा एका लहान मुलीच्या स्कॅनमध्ये पेट्रोस्क्वामोसल सायनस होता. ही पण एक शीरच, गर्भात असतो आणि नंतर मिटतो, तिचा मिटलाच नव्हता. तिचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि वाट त्याच बाजूनं जाणार होती. आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम कागद पाठवून थांबल्या नाहीत, त्यांनी सर्जनला खुर्ची देऊन स्क्रीनसमोर बसवलं. दोघं अर्धा तास एकेक इमेज बघत होते, मी मागे उभा. चांगलं काम कसं असतं ते मी तिथे बघितलं.

आणि वाईट काम मी स्वतः केलंय. हे तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तू दुसरीत होतीस. तेव्हाच्या मशिनवर उभे काप काढायला पेशंटची मान मागे टाकावी लागायची, आतासारखे कॉम्प्युटरवर करून मिळायचे नाहीत. एक पोरगा होता चौदा पंधराचा, त्याला मान मागे टाकता येईना, रडायला लागला, बाहेर लाइन लागलेली. मी आडवे काप काढले आणि फिल्म दिली सोडून. उभे काढलेच नाहीत आणि तसं कुणाला सांगितलंही नाही. ऑपरेशनच्या वेळी कानाच्या पडद्याची कातडी उचलताना खालची शीर चिकटलेली होती, ती फाटली. शिरेचं रक्त होतं, दाबून पॅक करून थांबवलं, पोरगा वाचला, नंतर बरा झाला. मला कुणी काही विचारलं नाही. पण त्या दिवशी मी घरी आलो आणि तू पाटी घेऊन समोर आलीस 'अप्पा बघा सतराचा पाढा', आणि मी तुझ्यावर ओरडलो. तुला आठवत नसेल. मला आठवतं.

म्हणून मी सारखा तेच तेच बोलतो गं.

तुझ्याही पडद्याचीच कातडी उचलणार आहेत. डॉक्टर चांगले आहेत, त्यांना सगळं येतं, पडद्याच्या भोकातनं त्यांना बल्बचा तो निळसर भाग कदाचित दिसलाही असेल. आधी माहीत असलं की तिथे हात हलका ठेवतात, हाड नसलेली जागा सांभाळतात. आधी माहीत असणं, एवढंच मागतोय मी. तू म्हणालीस 'मी त्यांना शिकवू का अप्पा?' शिकवू नकोस. पण तूच गेल्या वर्षी त्या साईटवर सळ्यांचं अंतर चुकलंय म्हणून काँक्रीटची गाडी गेटवरनं परत पाठवली होतीस ना, मालक शिव्या देत असताना? ड्रॉइंगवर सही होती तरी वर चढून टेप लावून मोजलंस तू. नंदूकाकाला मी ती गोष्ट किती वेळा सांगितली त्याला विचार. साईटवर जी तू असतेस तीच तू परवा ओपीडीत अस, एवढंच. विचारायचं, 'सर, तुम्ही इमेजेस बघितल्या का, उजव्या बल्बवर हाड नाही असं लिहिलंय'. एक वाक्य. त्यात अपमान कुणाचा होत नाही.

झालं, परत लेक्चर. माफ कर.

आज दुपारपासनं एक गोष्ट डोक्यात फिरतेय. तू सहावीत असताना मळ्यात झोपायला गेलो की म्हणायचीस, उशीत मोटर चालू आहे. मी म्हणायचो अगं लाइट गेलीय, मोटर कशी चालेल. तू म्हणायचीस चालू आहे, उजव्या कानाला लागतेय. आम्ही हसलो त्यावर, माईनं लसणाचं तेल कोमट करून घातलं आणि झालं. आता वाटतं ते तुझं स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येत होतं का. बल्ब वर असला, सायनसला पिशवीसारखा फुगवटा असला तर काहींना तसा आवाज येतो, नाडीच्या ठेक्यात. त्याच्यामुळेच होता असं मी म्हणत नाही, कान तर तुझा तेव्हापासनंच वाहायचा, कृष्णेत पोहणं काही तू सोडलं नाहीस. पण तू खरं सांगत होतीस आणि मी कन्सोलवर रोज कान बघणारा माणूस, माझ्याच पोरीचं ऐकलं नाही. अजून येतो का आवाज? डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे सांग. मान दाबून बघू नकोस, ते त्यांना करू दे.

आणि कानात काही घालू नकोस, तेल तर नाहीच, आत्या काही म्हणाली तरी. फक्त अंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेव.

चौथीच्या सुट्टीत तुला कन्सोल रूममध्ये नेलं होतं. कानातली दोन हाडं स्क्रीनवर एकापुढे एक दिसतात, शिकवताना आम्हाला सांगायचे आइस्क्रीमचा कोन शोधा म्हणून. मी काही सांगायच्या आधीच तू बोट ठेवलंस आणि म्हणालीस 'अप्पा, कुल्फी'. मॅडम खुर्चीतनं वळून बघायला लागल्या होत्या. परवा तू सीडी लावायला लावलीस तर ती कुल्फी तुझ्या स्वतःच्या कानातली असेल.

मी बुधवारी रात्री महालक्ष्मीनं निघतोय, तिकीट काढलंय, आईला उद्या सांगणार. ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा राहून प्रश्न विचारणार नाही, शब्द देतो. बाहेर बाकावर बसेन. सीडी कपाटात ठेवली असशील तर आत्ताच उठून फाइलमध्ये घाल आणि उघडते का ते लॅपटॉपवर बघून घे, बऱ्याच सीडी उघडतच नाहीत. उघडली नाही तर सेंटरवरनं दुसरी मागून घे, फक्त फिल्म घेऊ नकोस.

भाकऱ्या आणि शेंगाचटणी आणतोय. ऑपरेशननंतर चावायला दुखलं तर भाकरी दुधात कुसकरू.

अप्पा