दाणा एकच, कसोट्या दोन

संपादक महोदय,

विघटनशील पिशव्या आणि वेष्टनांवर संशोधन करणारे लोक पॉलिमरच्या प्रयोगशाळांत बसतात, तर विघटनशील मल्चिंग पेपरवर (पिकाच्या बेडवर अंथरायच्या प्लास्टिक फिल्मवर) काम करणारे कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रावर. दोघांचा दाणा, म्हणजे फिल्मचा कच्चा माल, मात्र बहुतेक वेळा एकच असतो: पीबीएटी हे लवचिक विघटनशील प्लास्टिक आणि त्यात मिसळलेले पीएलए (कडक विघटनशील प्लास्टिक) किंवा स्टार्च. वितळलेल्या दाण्याचा फुगा काढून फिल्म बनवणारी यंत्रेही तीच. तरी एकाची आकडेवारी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

सगळ्यात मोठा गोंधळ प्रमाणपत्राचा आहे. कंपोस्टेबल पिशवीसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ ही कसोटी आहे. ती औद्योगिक कंपोस्टची, म्हणजे ५८ अंशांच्या आसपास तापमान, भरपूर ओल आणि खेळती हवा. शेतातच गाडायच्या पेपरसाठी युरोपने २०१८ मध्ये ईएन १७०३३ हे वेगळे मानक केले. त्यात मातीत, २५ अंशांच्या आसपास, दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या वर मऊ पडते आणि मगच पाण्याने झपाट्याने तुटते. जमिनीत ते तापमान कुठून येणार? त्यामुळे पीएलए जास्त असलेली पिशवी कंपोस्टमध्ये उत्तीर्ण होते आणि त्याच मिश्रणाचा पेपर वावरात पडून राहतो. केवळ ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का दाखवून कोणी मल्चिंग पेपर विकत असेल, तर मातीतल्या चाचणीचा अहवाल मागावा. ऑक्सो-डिग्रेडेबल पेपरचा तर विचारही करू नये. ते मुळात पॉलिथिनच असते, त्याचे फक्त तुकडे होतात.

दोन्ही गट मोजतात असा एक आकडा म्हणजे फिल्ममधून किती बाष्प बाहेर जाते तो. ही फिल्म पॉलिथिनपेक्षा बाष्प जास्त जाऊ देते. भाजीच्या पाकिटात त्यामुळे आत पाणी सुटत नाही, पण मालाचे वजन घटते. बेडवर त्याच गुणाने ओल लवकर उडते आणि ठिबकची वेळ बदलावी लागते. वेष्टनवाल्यांकडे हा आकडा आधीच तयार असतो. तो मिळाला, तर प्रक्षेत्रावर पाण्याचे गणित नव्याने मांडावे लागणार नाही.

उलट दिशेने द्यायची माहिती उन्हाची. पीबीएटीमधला टेरेफ्थॅलेटचा भाग अतिनील किरणे शोषतो. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींना जोडल्या जाऊन जाळे होते. पेपर ठिसूळ होतो आणि जाळे झालेला भाग जिवाणूंना सावकाश पचतो. काळ्या कार्बनने हे बरेच लांबते. म्हणून चाचणीला कोरी फिल्म देऊन भागत नाही, हंगामभर उन्हात राहिलेलीच द्यावी. उन्हाळी कलिंगडाला सुमारे सत्तर दिवस, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला सहा-सात महिने. एकच मिश्रण दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट सोडायला हवा. पेपर आधी फाटतो तो मातीत दाबलेल्या कडेशी, कारण तिथे ओल, हवा आणि जिवाणू एकत्र असतात. कड सुटली की वारा उरलेला पेपर उचलतो. लव्हाळा असेल तर तो १५ मायक्रॉनचा पेपर सहज भोसकतो, हेही पिशवीच्या प्रयोगशाळेत कधी कळणार नाही.

मोजणी हा तर जोडीनेच करायचा भाग. जाळीच्या पिशवीत तुकडे पुरून सहा महिन्यांनी वजन करतात. काळ्या जमिनीत चिकणमाती फिल्मला घट्ट बसते, वजन वाढते. बारीक तुकडे जाळीतून निसटतात आणि ते ‘विघटित’ धरले जातात. त्यापेक्षा माती क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने धुऊन उरलेले पीबीएटी एनएमआरवर (रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणे खात्रीचे. मात्र उन्हाने जाळे झालेला भाग त्यात विरघळत नाही. तो वेगळा तोलला नाही, तर निकाल उगाच चांगला दिसतो. हे यंत्र प्रक्षेत्रावर नसते आणि पॉलिमरवाल्यांकडे वाफसा ओळखणारा माणूस नसतो. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये कार्बन-१३ची (माग काढता येणाऱ्या जड कार्बनची) खूण असलेले पीबीएटी वापरून त्याचा कार्बन मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात जातो हे दाखवले. पॉलिमर बनवणारे आणि माती जाणणारे एका टेबलावर आले नसते, तर तो प्रयोग झालाच नसता.

किमतीबद्दल. पीबीएटीची घनता १.२५च्या आसपास, पॉलिथिनची ०.९२. चार फुटी (१.२ मीटर), ४०० मीटरचा रोल २५ मायक्रॉन पॉलिथिनचा सुमारे ११ किलो भरतो, तेवढ्याच जाडीचा विघटनशील १५ किलो आणि १५ मायक्रॉनचा ९ किलो. किलोच्या भावाने तुलना केली की गणित चुकते, भाव मीटरवर सांगावा. त्यात पेपर काढायची मजुरी वाचते ती धरावी. बारीक पेपर अंथरताना यंत्राचा ताण कमी ठेवावा, पॉलिथिनसारखा ओढला तर तो फाटतो.

राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथली कृषी विद्यापीठे आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी सामंजस्य कराराचे फोटो काढण्याआधी एवढे ठरवावे: प्रत्येक मिश्रणाचा एकाच घाण्याचा (एका वेळी बनवलेला) माल चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आणि कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत एकाच वेळी घालायचा. दाणा फुग्यावर चढवण्याआधी पीएलएतली ओल २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भागांच्या) खाली आहे का, याची नोंद ठेवायची. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गोणीतल्या दाण्याची साखळी यंत्रातच तुटते आणि मग दोष मातीवर जातो. प्रत्येक घाण्यातला एक रोल दोन वर्षे थंड, कोरड्या जागी राखून ठेवायचा. आणि चाचणीचे वावर असे निवडायचे, जिथे आधी पॉलिथिनचा पेपर कधीच अंथरला गेलेला नाही. नाहीतर मातीत सापडलेला तुकडा कोणाचा, हे ठरवता येणार नाही.

आपले,
पॉलिमर व मृदाशास्त्र या विषयांतले दोन वाचक, पुणे