जखमीसाठी राइड: खर्चाची यादी त्याच्या घरापासून सुरू व्हावी

महोदय,

थंडी पडली की नाशकात रविवारच्या सायकल राइड्सना जोर चढतो. त्यातली एखादी अपघातात जखमी झालेल्या माणसासाठी निधी जमवायला असते. ही रीत टिकावी असं मनापासून वाटतं, म्हणून आयोजकांसाठी काही सूचना.

आवाहन बहुतेक वेळा ऑपरेशनच्या बिलासाठी असतं. त्या बिलाला थोडाफार आधार तरी आहे. केंद्राच्या २०२५च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले ७ दिवस दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. खरी ओढाताण डिस्चार्जनंतर सुरू होते. मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेली असेल, तर लघवीसाठी दिवसातून ४ ते ६ वेळा कॅथेटर (नळी) घालावा लागतो. दर वेळी नवा वापरायचा तर महिन्याला १२० ते १८० नग लागतात. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत दर अर्ध्या तासाने पुढे झुकून बुडावरचा भार मिनिट-दोन मिनिटं काढायचा. हे चुकलं की बेडसोअर, म्हणजे दाबाने होणारा व्रण, होतो. तो दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. भरायला महिने जातात आणि तोवर खुर्चीत बसणं बंद, व्यायाम अर्धवट.

म्हणून चकचकीत व्हीलचेअरच्या आधी चांगल्या कुशनला पैसे ठेवा. हवेच्या कप्प्यांचं कुशन असेल तर त्यातली हवा सायकलच्या ट्यूबसारखी वरचेवर तपासावी लागते. माणूस बसल्यावर बुडाच्या हाडाखाली हात सरकवून पाहायचा. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच हवा हवी. कमी असेल तर हाड तळाला टेकतं, जास्त असेल तर माणूस डुलतो आणि सगळा भार थोड्याच जागेवर येतो. ही तपासणी घरच्यांना शिकवून ठेवणं हीसुद्धा मदतच आहे.

राइड जाहीर करण्याआधी कुणीतरी टेप घेऊन त्या घरी जावं. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी असेल तर उत्तम. रॅम्पला १ इंच उंचीमागे १२ इंच लांबी लागते, म्हणजे सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना १८ फूट. जागा नाही म्हणून उभा चढ बांधला तर खुर्ची मागे उलटते. हे मोजमाप न्याहारीला लागतो तेवढ्याच वेळात होतं, पण निधीचा आकडा त्यातूनच ठरतो.

प्रवेश फी टी-शर्ट, मेडल आणि फ्लेक्सवर उडवू नका. बिब नंबर (कपड्यावर लावायचा क्रमांक) पुरे. पैसे जखमीच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या खात्यात थेट जात असतील, तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. ती हवी असेल तर मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच घ्यावे. हे आधीच स्पष्ट सांगितलं की नंतर कटकट होत नाही.

आता रस्ता. त्र्यंबकला जाऊन-येऊन सुमारे ६० किमी होतात आणि परवानगी शहर पोलीस व ग्रामीण पोलीस, दोघांची लागते. नवख्यांसाठी गंगापूर रोडने २०-२५ किमी ठीक. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून सहाला निघायचं तर मागचा लाल दिवा सक्तीचा करा. गटात अपघात अनेकदा गतिरोधकावर होतात. पुढचा अचानक ब्रेक मारतो, मागच्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासतं आणि पडतो तो मागचा. वीस-वीसचे गट, पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी सायकलस्वार, दोन गटांत काही मिनिटांचं अंतर ठेवलं की हे बरंच टळतं. सुरुवातीच्या ठिकाणी एका माणसाने फक्त ब्रेक, हवा आणि पुढच्या चाकाचा क्विक रिलीज (चाक पटकन काढता येणारी खटकी) पाहावा. घरात पडून असलेल्या किंवा उसन्या आणलेल्या सायकलींत तो सैल सापडतो. हेल्मेट नाही, त्याला सोडू नका. एकासाठी निघालेल्या राइडमध्ये दुसरा जखमी होऊ देऊ नये, एवढी जबाबदारी आयोजकांची आहेच.

जमा झालेली रक्कम एकदम हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा कॅथेटर, फिजिओथेरपिस्टची फी आणि ये-जा यांचा महिन्याचा खर्च काढून ती किमान सहा महिन्यांत वाटून द्यावी. आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की अशा राइडची बातमी देताना किती जमले, किती खर्च झाले आणि किती पोचले हे तीन आकडे आयोजकांकडून मागून छापावेत.

— एक सायकलस्वार वाचक, इंदिरानगर, नाशिक