पॉलिसीतला शून्य दाखवून देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

खरं तर तुमच्या विम्याच्या ऑफिसात येऊनच आभार मानले असते. पण तिथे आलं की तुम्ही चहा मागवता, घरच्यांची चौकशी करता आणि आभाराचा विषय निघाला की फोन उचलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, आता ऐकून घ्यावंच लागेल. आणि नाशकात सजवलेल्या थार, जिप्सी आता इतक्या दिसतात की त्यातल्या चार जणांनी हे वाचून आपली पॉलिसी कपाटातून काढली तरी पत्र कारणी लागलं.

माझी थार २०२१ ची, डिझेल. आपल्याच नाशकात बनलेली, एमएच-१५. नवी घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तसा नियमच आहे. त्यामुळे २०२४ पर्यंत मी विम्याकडे फारसं बघितलं नव्हतं. मधल्या काळात गाडीवर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) आली, स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आला, सस्पेन्शन उचललं, छतावर कॅरियर आणि लाइट बार बसला. तीन वर्षं संपली तेव्हा मोबाइलवर बारा कंपन्यांचे आकडे समोर होते आणि त्यातला सगळ्यात खालचा आकडा मला आवडला होता. तुमच्याकडे आलो तो ‘ऑफ-रोड गाडीचा स्पेशल इन्शुरन्स’ मागायला. इंग्लंडमध्ये असा विमा विकणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत, गाडीची किंमत आधीच दोघांनी मिळून ठरवतात, हे कुठेतरी वाचलं होतं आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगितलंही.

तुम्ही शांतपणे म्हणालात, “आपल्याकडे असा तयार डबा मिळत नाही. नेहमीचीच पॉलिसी घ्यायची आणि एकेक गोष्ट लिहून घ्यायची.” आणि माझ्या हातातला तो स्वस्तातला कोटेशनचा कागद घेऊन पेन्सिलीने एका ओळीभोवती गोल केलात. त्या ओळीत चौकोन होते: गाडीची आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत), इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, गॅस किट, एकूण. पहिल्या चौकोनात गाडीची किंमत, पुढच्या तिन्हीत शून्य. “या शून्याचा अर्थ काय, सांगा,” म्हणालात. मी गप्प. “अर्थ असा की तुमची विंच कंपनीच्या हिशेबात गाडीवर नाहीच.”

मग तुम्ही माझ्याकडून बिलं मागवलीत. जीएसटीची, गॅरेजच्या शिक्क्याची. प्रत्येक वस्तूचा फोटो, आणि त्यात नंबर प्लेट दिसलीच पाहिजे असा आग्रह. विंच आणि दिवे मिळून साठ हजारांच्या आसपास होते. इलेक्ट्रिकल सामानाच्या किमतीवर साधारण चार टक्के धरतात, हा जुन्या मोटर टॅरिफमधला दर अजून चालतो, म्हणजे वर्षाला चोवीसशे रुपये जादा. स्नॉर्केल आणि कॅरियर नॉन-इलेक्ट्रिकलच्या चौकोनात. कंपनीला ईमेल तुम्ही स्वतः मजकूर सांगून माझ्याकडून लिहून घेतलात आणि ‘मान्य आहे’ असं त्यांचं उत्तर येईपर्यंत पैसे भरू दिले नाहीत. दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीने गाडी तपासायला माणूस पाठवला. त्या वेळी मला हे सगळं जरा जास्तच वाटत होतं, हे आता सांगून टाकतो.

पण त्याच्याही आधी तुम्ही यादीचे भाग पाडलेत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काय काढायचं, काय आरटीओकडे न्यायचं आणि काय कंपनीला कळवायचं. बंपरपुढचा लोखंडी बुल बार, म्हणजे जाड नळ्यांचं कठडं, काढायला लावलात. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच त्यावर बंदी घालण्याचे आदेश राज्यांना दिले होते, आणि रस्त्यावर दर दहा गाड्यांमागे एकीवर तो अजून मिरवतो. विंच मूळ बंपरच्या मागे पट्टीवर बसवून घेतली. तेहतीस इंची टायर घालायचं माझ्या मनात होतं, ते तुम्ही एका वाक्यात उडवलंत: “कंपनीने ज्या मापाचे दिलेत त्याच मापात चांगले घ्या.” थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ येतात, त्याच मापात चिखलाचे टायर मिळतात, आणि स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही.

तुमचा ठोकताळा साधा होता: आरसीवर छापलेलं काही बदललं की आधी आरटीओ. इंजिन, रंग, सीट, बॉडीचा प्रकार. कायदा त्याहून कडक आहे हेही तुम्हीच सांगितलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहिला तर उत्पादकाने जशी गाडी ठरवली त्याच्याशी विसंगत बदल चालत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पेठ रोडला आरटीओत गेल्यावर कोण काय मागेल ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे तिथला माझा दिवस वाचला.

दुसरा मोठा धडा त्या रविवारच्या इव्हेंटचा. इगतपुरीच्या बाजूला कुणीतरी ऑफ-रोडिंगचा कार्यक्रम ठेवला होता, फॉर्म भरायचा होता. मी सहज तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही विचारलंत, “गाडीला नंबर देणार आहेत का? घड्याळ लावणार आहेत का?” दोन्ही होतं. मग माझ्या पॉलिसीतली ‘वापराच्या मर्यादा’ असं शीर्षक असलेली, कुणीच न वाचलेली ओळ तुम्ही फोनवर वाचून दाखवलीत आणि लगेच मराठीत सांगितलीत: आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची स्पर्धा), भाड्याने देणं, यांत गाडी वापरली तर पॉलिसी लागू नाही. अशा रॅलीसाठी आयएमटी ३१ नावाचं वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं पुरवणी कलम, असतं, ते आधी मागून घ्यावं लागतं आणि सगळ्या कंपन्या खुशीने देत नाहीत. मी त्या रविवारी गेलो, पण घरच्या मंडळींबरोबर मखमलाबादला मिसळ खायला. दही घालून.

भाड्याच्या बाबतीत एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याकडे पांढऱ्या पाटीच्या जीपमधून माणशी पैसे घेऊन लोकांना फिरवणारे आपल्यातलेच आहेत. मी तुम्हाला म्हटलं होतं, की अट मोडली तरी पंचाहत्तर टक्के क्लेम मिळतो म्हणे. तुम्ही लगेच दुरुस्त केलंत. २०१० च्या ज्या निकालाचा लोक हवाला देतात, तिथे खासगी गाडी भाड्याने दिली होती, आणि मालकाला पैसे मिळाले ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, तेही मागितले तेवढे नाहीत. “तुम्हाला तेवढा वेळ आहे का?” असं विचारलंत. नव्हता.

मग तो पावसाळा. त्र्यंबकच्या पलीकडे चिखलाच्या उतारावर गाडी आडवी घसरली आणि शेताच्या दगडी बांधाला पुढच्या कोपऱ्याने आपटली. कुणाला लागलं नाही. हेडलाइट, फेंडर, बंपर आणि त्यामागची विंच गेली. गाडी हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढले, बांधाच्या मालकाची माफी मागितली, कंपनीला जागेवरूनच फोन केला. हे सगळं तुमच्याच तालमीतलं. सर्व्हेअर द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये आले. बंपर उतरवल्यावर विंच बघून लगेच म्हणाले, “ही कंपनी फिटिंग नाही, ही धरता येणार नाही.” मी काहीच न बोलता पॉलिसीचं पहिलं पान उघडून इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, सोबतचा ईमेल वाचला, विंचवरचा सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहिला आणि वहीत लिहून घेतलं. पुढे वाद झालाच नाही.

पैसे सगळे मिळाले असं नाही, आणि तेही तुम्ही आधी सांगितलं होतंत. दोन हजारांची सक्तीची कपात होतीच, पंधराशे सीसीच्या वरच्या गाड्यांना ती असते. झिरो डेप (जुन्या भागांची घसारा-कपात न करणारं जादा संरक्षण) घ्यायला लावलं होतंत म्हणून प्लास्टिकच्या भागांवरची अर्धी कपात वाचली. ते नसतं तर प्लास्टिक, रबर, बॅटरीवर पन्नास टक्के आणि चौथ्या वर्षातल्या गाडीच्या धातूच्या भागांवर पंचवीस टक्के कापले गेले असते. हे झिरो डेपही गाडी पाच-सात वर्षांची होईपर्यंतच बहुतेक कंपन्या देतात, म्हणून ज्यांची गाडी अजून त्या वयात आहे त्यांनी घ्यावं. इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या नुकसानीसाठीचं इंजिन प्रोटेक्टही तुम्हीच घालून दिलंत. फरशीवरून पाणी जात असताना गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही, ढकलून किंवा दोर लावून बाहेर काढायची, हे तुमचं वाक्य मी डॅशबोर्डवर चिकटवलंय. माझी बायको त्याला ‘ताईंचा फलक’ म्हणते. ते वापरायची वेळ अजून आलेली नाही. गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तो फलक आपोआप आठवतो.

आणि मित्र मागे बसतात म्हणून सीटगणिक दोन-दोन लाखांचा अपघात विमा घ्यायला लावलात, त्याबद्दलही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा असतोच, मागे बसलेल्यांचं कुणाच्या लक्षात येत नाही. मित्रांना हे सांगितल्यावर ते हसले, आता गाडीत बसताना विचारतात, “आमचं भरलंयस ना?”

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. बारीकसारीक पोचे-ओरखड्यांसाठी क्लेम करू नका, नो क्लेम बोनस जपा, हे तुमचं म्हणणं. हिशेब बरोबर आहे: तीन वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पस्तीस टक्के सूट, पाच वर्षांनी पन्नास. पण अंजनेरीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीतून गाडी काढल्यावर दाराची जी अवस्था होते ती बघून मन मानत नाही. तरी ऐकतो तुमचं. पॉलिश करून घेतो.

विमा लोकपालांच्या पुण्याच्या कार्यालयाचा पत्ता तुम्ही फाइलच्या शेवटच्या पानावर लिहून दिला होतात. लागला नाही. ते पान तसंच ठेवलंय.

जाता जाता एक काम सोपवतो, आभाराच्या पत्रात शोभत नाही तरीही. माझा एक मित्र शनिवारी तुमच्याकडे येणार आहे. जुनी जिप्सी, १३०० सीसीची, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं, सॉफ्ट टॉपचा हार्ड टॉप केलेला. आरसीवर अजून पेट्रोलच आहे आणि बिल एकाही गोष्टीचं नाही. त्याला थर्ड पार्टीच करून हवंय, तेही सोमवारच्या आत. मी त्याला काही सांगितलेलं नाही, तुम्हीच सांगा. चहाचे पैसे त्याच्याकडून घ्या.

आपला,
एमएच-१५ थारवाला