दोन तपासण्यांमधल्या तासासाठी

सप्रेम नमस्कार,

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात आला की बाहेरच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो. "ऑपरेशन झालं ना, मग आता धोका टळला का?" आमच्या रुग्णसाहाय्य समितीत डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत आणि कधीकाळी याच बाकावर बसून हाच प्रश्न विचारलेले नातेवाईकही आहेत. धोका टळलेला नसतो, हे आम्हाला आता ठाऊक आहे. मार एका क्षणात लागतो, पण पुढचे काही दिवस मेंदूला दुसरी इजा होत राहू शकते. सूज चढते, रक्तस्राव वाढतो, रक्तदाब घसरतो, प्राणवायू कमी पडतो. पहिल्या इजेपुढे कुणाचं काही चालत नाही. दुसरी वेळेवर लक्षात आली तर पुष्कळदा थोपवता येते. ती वेळेवर लक्षात यावी, म्हणून ही मदत मागत आहोत.

आज आम्ही मेंदूकडे लक्ष ठेवतो ते मुख्यतः टॉर्च आणि हाकेच्या जोरावर. सिस्टर दर तासाला नाव घेऊन हाक मारतात, हात उचलायला सांगतात, गरज पडली तर चिमटा काढून बघतात आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली या तपासणीला गुणांची मोजपट्टी दिली. सगळ्यात कमी गुण 3, सगळ्यात जास्त 15, आणि 8 किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. पद्धत उत्तम आहे, फुकटही आहे, आणि यंत्रं आली तरी ती सुटणार नाही. पण घशात नळी आणि अंगात गुंगीचं औषध असलेला माणूस बोलणार कसा आणि डोळे उघडणार कसे? मोजपट्टीचा मोठा भाग तिथेच निकामी होतो. शिवाय एक तपासणी झाली की दुसरीपर्यंत तास जातो.

त्या तासात आत काय घडू शकतं? कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. यातलं एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. या विचाराचा पाया स्कॉटलंडचे डॉक्टर मन्रो यांनी 1783 सालीच घातला होता. जागा आहे तोवर दाब फारसा हलत नाही. जागा संपली की थोडीशी सूजही त्याला भराभर वर नेते. मोठ्या माणसात हा दाब साधारण पाऱ्याच्या 15 मिलिमीटरच्या आत असतो. 22 च्या वर टिकून राहिला तर उपचार सुरू करावेत, असा प्रघात आहे. आता हिशोब पाहा. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की मेंदूला रक्त पुरवणारा जोर कळतो, आणि तो 60 ते 70 च्या दरम्यान हवा. रक्तदाब 80 आणि आतला दाब 10 असेल तर जोर 70, सगळं ठीक. आतला दाब 30 झाला तर उरले 50. खाटेशेजारच्या मॉनिटरवर मात्र तेच 80 दिसत राहतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, पेशंट स्थिर आहे.

हा दाब मोजायला न्यूरोसर्जन कवटीला बारीक छिद्र पाडून पातळ तारेसारखा सेन्सर बसवतात. संसर्ग आणि रक्तस्रावाचा थोडा धोका असल्याने तो सरसकट बसवत नाहीत. एकदा वापरला की टाकूनच द्यावा लागतो, म्हणून तो सतत विकत घ्यावा लागतो.

पण आमचा सगळ्यात मोठा तुटवडा ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढणाऱ्या तपासणीचा आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. फिट म्हटलं की हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. अतिदक्षता विभागातली फिट बहुतेकदा तशी नसते. रुग्ण शांत पडलेला असतो. फार तर पापणी फडफडते किंवा नजर एका बाजूला ओढलेली राहते, कधी तेवढंही नाही. आत मात्र मेंदूच्या पेशी बेफाम पेटलेल्या असतात, आधीच अपुरा पडणारा प्राणवायू आणि साखर जाळत असतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 570 रुग्णांचा ईईजी सतत घेतला होता. ते सगळेच अपघाताचे नव्हते, पण बहुतेक अत्यवस्थ होते. त्यातल्या 110 जणांना फिट्स सापडल्या, आणि त्या 110 पैकी 101 जणांच्या फिट्स बाहेरून दिसणाऱ्या नव्हत्याच. त्या पकडायला बहुतेकांना 24 तासांचं रेकॉर्डिंग पुरलं, पण गाढ बेशुद्धीतल्या काहींना त्याहून जास्त लागलं. आमच्याकडे एक यंत्र आहे. ते नंबर लावून ट्रॉलीवरून येतं, अर्धा तास थांबतं आणि परत जातं.

म्हणून व्हिडिओसह सतत रेकॉर्डिंग करणारी दोन ईईजी यंत्रं आम्हाला हवी आहेत. त्याबरोबर डोक्याला लावायचे इलेक्ट्रोड, ते लावायची पेस्ट आणि चिकटपट्ट्या वर्षभर पुरतील एवढ्या. देणगीदारांना यंत्र देणं आवडतं, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. पेस्टच्या ट्यूबवर लावता येत नाही! तरीही तिच्याशिवाय ते यंत्र नुसतं कपाटच. बाहुली मोजणारं हातात धरायचं एक उपकरणही यादीत आहे. टॉर्चच्या उजेडात एका सिस्टरला 'मंद' वाटलेली बाहुली दुसरीला 'ठीक' वाटते. हे उपकरण बाहुली उजेडाला कसा प्रतिसाद देते त्याचा 0 ते 5 मध्ये आकडा देतं, आणि 3 च्या खाली आला की डॉक्टरांना उठवायचं. एवढं सोपं.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या 324 रुग्णांवरचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात दाबाचा सेन्सर बसवलेल्यांचे निकाल सीटी स्कॅन आणि बारकाईची तपासणी यांवर उपचार झालेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. आम्ही त्यातून घेतलेला अर्थ असा: आकडा बघणाऱ्याला त्याचं काय करायचं ते कळत नसेल तर आकडा व्यर्थ आहे. म्हणून जमणाऱ्या निधीचा मोठा हिस्सा सिस्टर आणि टेक्निशियन यांच्या प्रशिक्षणाला जाईल, काहींना हे रुचणार नसलं तरी. मेंदूतला प्राणवायू मोजणारे सेन्सर आम्ही मागतच नाही आहोत. त्यांच्यावरच्या अभ्यासांचं अजून एकमत नाही, आणि आमच्याकडे त्याआधीची कामं पडून आहेत.

पैसे नसले तरी वेळ द्या. ईईजी वाचू शकणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी, निवृत्त असाल तरी, आठवड्यातली एक रात्र घरून रेकॉर्डिंग बघण्यासाठी दिली तर ती आमच्या दृष्टीने एका यंत्राच्या तोडीची आहे. इलेक्ट्रोड लावता येणारे टेक्निशियन सुट्टीच्या दिवशी आले तर सोमवारची वाट बघणारा रुग्ण शनिवारीच तपासला जाईल.

देणगी रुग्णालयाच्या समाजसेवा कक्षात पावती घेऊनच द्यावी. कुणाच्याही हातात रोख देऊ नये, आमच्या सभासदांच्याही नाही. खर्चाचा हिशोब दर महिन्याला विभागाबाहेरच्या फलकावर लागेल. देणगीमुळे कुणाच्या नातेवाइकाला आधी खाट किंवा आधी यंत्र मिळणार नाही. ते डॉक्टरच ठरवतील.

देण्याआधी बघायचं असेल तर भेटीच्या वेळेत समाजसेवा कक्षात नाव सांगा. कामातून मोकळ्या असलेल्या सिस्टर ते ट्रॉलीवरचं यंत्र आणि त्याच्यासाठी लावलेली नंबरांची वही दाखवतील.

आपली,
रुग्णसाहाय्य समिती, अतिदक्षता विभाग