आई, मी समुद्रात नाही, कुंडात उतरते

कूजी, सिडनी
५ मे

ती. आई आणि आप्पांना सा. न.

मी मजेत आहे. माझा पाण्यातला फोटो पाहिल्यापासून तुझं जेवणात लक्ष नाही, असं वहिनी म्हणाली. फोनवर तू बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते.

आई, उनपदेवचं गरम पाण्याचं कुंड आठव. हे तसंच, फक्त पाणी गार आणि खारट. किनाऱ्याच्या खडकात भिंत घालून पाणी अडवलंय. भरतीला लाट भिंतीवरून आत येते आणि पाणी बदलून जाते, ओहोटीला सगळं शांत. आणि आप्पांना आधी हे सांग, की हे कुंड फक्त बायका आणि लहान मुलांचं आहे. १८८६ सालचं आहे, १९२२ पासून बायकांचंच मंडळ ते चालवतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणून तू दिलेलं कालनिर्णय बघूनच जाते. लाटा जोरात आत येऊ लागल्या की मी वर पायरीवर बसते. गुडघ्यावरचा ओरखडा मी पडले म्हणून नाही. खडकाला चिकटलेले शिंपले धारदार असतात, त्यांचा आहे. भरलाही आता.

इथल्या लोकांचं एक मात्र मला अजून कळत नाही. हिवाळा तोंडावर आलाय (तुमच्याकडे ऊन तापलं की इथे थंडी), आणि आता यांना पोहण्याचा खरा उत्साह. जवळच बाँडायला १९२९ सालचा एक क्लब आहे. त्यात पक्कं सभासद व्हायचं तर हिवाळ्यात महिन्याच्या चार रविवारांपैकी तीन रविवार पोहायचं, तेही सलग पाच वर्षं! पहिल्या दिवशी तर पाण्यात बर्फाच्या लाद्या टाकतात. कोणी नवस बोललाय म्हणावं तर तसंही नाही. आमच्या कुंडावर ऐंशीच्या घरातली एक आजी येते. कठड्याला धरून आडवी आडवी एकेक पायरी उतरते, छातीपर्यंत पाणी आलं की डोळे मिटते आणि सरळ पोहत सुटते. तिला बघून मला धीर आला.

तापीकाठी वाढून मला पोहता येत नव्हतं, आई. आप्पांनी दादाला कमरेला डबा बांधून विहिरीत शिकवलं, तेव्हा मी त्याचे कपडे धरून काठावर बसायचे. राग नाही, पण चिमीला या सुट्टीत विहिरीत उतरवा. दादा दोर धरेल.

विहिरीवरच्या मोटारीसाठी ४०,००० पाठवलेत, दादाला बँकेत बघायला सांग. हे तिकिटाचे होते, म्हणून आखाजीला, अक्षय तृतीयेला, येता आलं नाही. मोटार आधी हवी होती, त्यात तुमचा काही दोष नाही. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र माझ्यासाठी लांबवू नका, मी दिवाळीला येतेच आहे. चाळीसगावच्या स्थळाला तोवर थांबायला सांग. नाही म्हणत नाही, मुलाशी एकदा समोर बसून बोलायचंय. आणि पोहण्याचं त्यांच्यापासून लपवू नकोस.

आखाजीला निंबाला झोका बांधला होता का? माझ्या वाटचे मांडे कोणी खाल्ले ते कळव.

तुझी,
ताई