वचनाआधी कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धाच्या बातम्या, नोकरकपात, साथ असे काही आले की आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधले एक वचन हमखास ऐकू येते: ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ (फिलिप्पैकरांस पत्र ४:६). हे लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत होता. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आपला सहकारी एपफ्रदीत आजारात मरता मरता वाचला हे सांगताना, देवाने आपल्याला ‘दुःखावर दुःख’ होऊ दिले नाही असे तो मोकळेपणाने लिहितो. व्यासपीठावरून मात्र तेवढे सहावे वचन येते, तेही दटावल्यासारखे. ऐकणाऱ्याला एवढेच कळते की आपली धडधड म्हणजे अविश्वास. मग तो पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, टाळू लागतो.

अशा घाबरलेल्या माणसाच्या घरी भेटीला जाणाऱ्यांनी बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय भेटीचा क्रम म्हणून वाचावा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही; भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खाऊ घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. घरी गेल्यावर पहिली विचारपूस अशीच असावी: झोप लागते का, जेवण जाते का, घरात सोबत कोण आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटे पवित्र शास्त्र मिटलेलेच बरे. नंतर एखादे छोटे स्तोत्र पुरते. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची, आणि समोरच्याने जे शब्द वापरले तेच तिच्यात यावेत. नाहीतर प्रार्थनेच्या आडून उपदेश सुरू होतो, आणि डोळे मिटलेल्या माणसाला तो अडवताही येत नाही. भेट पाऊण तासात आटपावी. उठण्यापूर्वी पुढचा वार ठरवावा. ‘काही लागले तर कळवा’ म्हटल्यावर घाबरलेला माणूस सहसा कळवत नाही.

हे सगळे एकट्या पाळकाने करायचे म्हटले तर हिशोबच जमत नाही. १२० कुटुंबे आणि आठवड्याला चार भेटी धरल्या, तर शेवटच्या घराची पाळी तिसाव्या आठवड्यात येते. लोकांचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो याने हेच सुनावले होते (निर्गम १८): तू आणि लोक, दोघेही झिजून जाल, दहा-दहांवर माणसे नेम. बारा जोड्या नेमल्या आणि प्रत्येकीने आठवड्याला दोन घरे केली, तर पाच आठवड्यांत एक फेरी पुरी होते. जोडी अशासाठी की एकट्याने जाण्यात गैरसमजाला वाव राहतो. वहीत फक्त तारीख, कोणती मदत मागितली आणि पुढची भेट, एवढेच लिहावे. घरातले गुपित वहीत नको. प्रार्थनेच्या ग्रुपवर तर त्याहून नको. नाव आणि कारण टाकण्याआधी त्या माणसाची स्पष्ट परवानगी घ्यावी.

रविवारच्या उपासनेत विलापालाही जागा हवी. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत ठेवलेले आहे.

चिंता कमिटीतही शिरते, तिथे ती ओळखू येत नाही इतकेच. गायनाच्या वेळेवरून भांडण पेटते, खरी धास्ती वर्गणी घटल्याची असते. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांबद्दल मांडले, की दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढले जाते. मंडळीत तो तिसरा बहुधा पाळक. ‘लोक म्हणतात’ अशी तक्रार आली की आधी ‘कोण?’ विचारावे. नंतर म्हणावे, ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का? हवे तर मी सोबत येतो.’ निरोप आपण पोचवला की भांडण आपल्या गळ्यात पडते. संकटात घोषणा करताना काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि पुढची माहिती कधी मिळेल, हे तीनही सांगावे. तिसरे राहून गेले की अफवा सुरू होतात.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘विश्वास ठेवा, गोळ्या सोडा’. चिंतेवरच्या काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांनीच. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५२७ च्या प्लेगमध्ये जर्मनीतले विटेनबर्ग सोडून गेला नाही, पण औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, असेच त्याने लिहिले.

जगणे नकोसे झाल्याचे कोणी सुचवले, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उत्तर ‘हो’ आले तर कसे, कधी, साधन हाताशी आहे का, हेही विचारावे. साधन दूर करावे, त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना बोलवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. म्हणूनच बोलणे सुरू होण्याआधी ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द पाळकाने देऊ नये; ‘तुमच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही’ हे आधीच सांगून ठेवावे.

आपला,
मंडळीतील एक वाचक