जुनी रेसर सायकल भंगारात देण्याआधी

संपादकांना सप्रेम नमस्कार,

जुन्या गियरच्या रेसर सायकली लोक हल्ली एकतर भंगारात देतात नाहीतर शोभेला भिंतीवर टांगतात, ते बघून राहवत नाही म्हणून लिहितोय. माझी स्टीलच्या फ्रेमची आहे, गियरचे लिव्हर तिरक्या नळीवर, क्लिक वगैरे काही नाही, हाताच्या अंदाजाने गियर टाकायचा. रोज कामाला, बाजाराला तीच नेतो. चार दिवसांत हात बसतो, आणि चढ लागायच्या आधीच गियर बदलून घ्यायची सवय लागते.

मग लोक कंटाळतात कुठे? बऱ्याचदा टायरवर. जुन्या रेसरला २७ इंची टायर असतो, दुकानात गेलं की ७०० सी, म्हणजे हल्लीच्या सायकलींच्या मापाचा टायर, हातात ठेवतात, दिसायला सेमच. पण रिमवर टायर बसतो तिथलं माप २७ इंचीचं ६३० मिलिमीटर आणि ७०० सीचं ६२२, त्यामुळे नवा टायर जुन्या रिमवर चढतच नाही आणि मग सायकलच बाद असं ठरवून मोकळे होतात. २७ इंची टायर अजून बनतात हो, मागवून घ्यावे लागतात इतकंच. किंवा चाकंच ७०० सीची टाकायची, फक्त ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली सरकतात का ते आधी बघायचं, आणि मागचं चाक फ्रेमच्या रुंदीत बसतंय ना तेही.

दुसरी गोष्ट ब्रेक, ही मला फार महत्त्वाची वाटते. चकचकीत क्रोमची स्टील रिम पावसात ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. मी एकदा पावसात दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून चौकाच्या पार मध्यापर्यंत गेलोय, समोरून काही आलं नाही म्हणून वाचलो. दुसऱ्याच आठवड्यात अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आणि नवे रबर टाकून घेतले, आता ओल्यातही सायकल थांबते. रोज चालवायची असेल तर रंगरंगोटीच्या आधी पैसे इथे घाला.

बाकी ग्रीस आणि छर्रे वर्षातून एकदा. पायडल मारताना दर फेरीला कट्ट आवाज आला तर बहुतेक कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) मधल्या आसाला घट्ट धरणारी खीळ, ढिली असते, तशीच चालवली तर क्रँक खराब होतो. चेनच्या एका पिनेपासून तिच्यापुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरलं पाहिजे, एक सोळांश इंच जास्त झालं की चेन बदला नाहीतर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे) दातेही जातात. आणि सीटचा दांडा वर्षाकाठी बाहेर काढून ग्रीस लावा, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या नळीत एकदा का धरला की मग निघता निघत नाही.

नव्या सायकलींबद्दल पेपरात बरंच येतं, तशी या जुन्या सायकलींच्या टायरच्या मापांची आणि ब्रेकची माहितीही एकदा छापा ही विनंती. अर्ध्या सायकली तेवढ्याने पुन्हा रस्त्यावर येतील असं मला मनापासून वाटतं.

आपला,
एक सायकलस्वार वाचक